गिरणीमालकांचा पुढारी लखनौच्या राजभवनात कसा पोचला? (सर होमी मोदी)

फोर्टातला_फिरस्ता (धागाकर्ता)

टाटांच्या मुख्यालयाचा, बॉम्बे हाऊसचा पत्ता आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी पाकिटावर लिहिला असेल: २४, होमी मोदी स्ट्रीट. या रस्त्याचं जुनं नाव ब्रूस स्ट्रीट. पण हे होमी मोदी कोण, असं फोर्टात कोणालाही विचारा. "असतील कोणी पारशी शेठ" यापलीकडे उत्तर येत नाही.

थोडक्यात माहिती देतो. जन्म १८८१. सेंट झेवियर्स कॉलेज, मग वकिली. १९१३ पासून मुंबई महापालिकेत, १९२३-२४ ला पालिकेचे अध्यक्ष. (महापौर हे नाव नंतर आलं.) मधल्या काळात फिरोजशहा मेहतांचं दोन खंडांतलं चरित्र लिहिलं, ते १९२१ ला प्रसिद्ध झालं. मग गिरणीमालक संघाचे अध्यक्ष, आधी १९२७ ला आणि पुन्हा १९२९ ते ३४. गोलमेज परिषदेला गेले. १९३३ ला इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरणीवाल्यांशी 'मोदी-लीस करार' केला. टाटा सन्सचे संचालक. १९३५ ला सर. १९४१ ला व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात पुरवठा खातं, १९४३ ला राजीनामा. पुढे घटना समितीत. आणि २ मे १९४९ रोजी संयुक्त प्रांताचे राज्यपाल, म्हणजे आजचा उत्तर प्रदेश. आधीच्या राज्यपाल सरोजिनी नायडू पदावर असतानाच वारल्या होत्या, ती जागा यांना मिळाली. जून १९५२ पर्यंत तिथे. १९६९ ला निधन.

माझा प्रश्न असा. १९३३ च्या करारामुळे ज्या माणसावर देशभर टीकेची झोड उठली, त्याला सोळाच वर्षांनी काँग्रेसच्या सरकारने देशातल्या सगळ्यात मोठ्या प्रांताचा राज्यपाल कसा काय केला? आणि जोडप्रश्न: धंद्यातला माणूस राजभवनात काही वेगळं करतो का? की खुर्ची सगळ्यांना सारखीच बसवते?

खवचट_खंडू

मोबाइलवर शीर्षक अर्धंच दिसत होतं. आडनाव वाचून पॉपकॉर्न घेऊन आलो. इथे तर १९३३ ची कापडावरची जकात निघाली. घोर फसवणूक.

लालबागचा_नातू

फिरस्ताभाऊ, तुम्ही 'गिरणीमालक संघाचे अध्यक्ष' हे तीन शब्द लिहून पुढे गेलात. आमच्याकडे त्या तीन शब्दांवर पिढ्या गेल्यात.

माझे आजोबा संगमेश्वराकडून आले आणि साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, बदली म्हणून लागले. बदली म्हणजे पहाटे भोंग्याच्या आधी गेटवर उभं राहायचं, जॉबरने बोट दाखवलं तर आत, नाहीतर परत खोलीवर. १९२८ च्या संपात ते विशीत होते. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सहा महिने, दीड लाख माणूस बाहेर. कारण काय, तर मालकांची 'सुधारणा' योजना: विणकराने दोन मागांऐवजी तीन माग बघायचे. एका माणसाच्या हातात तीन माग दिले की शेजारच्या माणसाचं काम संपलं, एवढं साधं गणित. त्याच संपात डांगे, मिरजकर, जोगळेकर, आळवे, कासले यांची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. मार्च १९२९ ला कम्युनिस्ट पुढाऱ्यांवरच्या मीरत कटाच्या खटल्यात ही सगळी मंडळी उचलली गेली. युनियनची डोकी तुरुंगात, आणि त्याच वर्षी मालक संघाच्या खुर्चीत तुमचे सर होमी पुन्हा आले. एप्रिलमध्ये दुसरा संप झाला, तो फसला. १९३४ ला महागाई भत्त्याच्या कपातीवरून तिसरा मोठा संप, तोही मोडला.

माणूस विनोदी होता, खवय्या होता, छान भाषण करायचा हे मीही ऐकलंय. असेल. पण ही सगळी वर्षं तो टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसला होता, हे धाग्यात यायला हवं म्हणून लिहिलं.

रुस्तम_दादरकर

नातूसाहेब, तुमचा राग रास्त आहे, पण एक सांगू? मालक संघात तेव्हा होमी मोदी नरमातले गणले जायचे. स्वतःची गिरणी नव्हती त्यांची. वकील माणूस. पेटिट, वाडिया, ससून, ठाकरसी अशा पंचवीस घरच्या पंचवीस तऱ्हा एका खोलीत बसवायच्या आणि बाहेर येऊन सरकारला एकच आकडा सांगायचा, ही त्यांची नोकरी. आमच्या कॉलनीत गच्चीच्या गळतीवर दोन मजल्यांचं एकमत होत नाही.

आणि धागा वडिलांवर असला तरी पोरांशिवाय मजा नाही. थोरला रुसी मोदी. हॅरो आणि ऑक्सफर्डला शिकून १९३९ ला जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात लागला तो थेट अध्यक्ष होईपर्यंत. नाश्त्याला सोळा अंड्यांचं ऑम्लेट खायचा ही ख्याती. धाकटा पिलू मोदी. आर्किटेक्ट, स्वतंत्र पक्षाचा खासदार, गोध्र्याहून निवडून आलेला. इंदिराबाई प्रत्येक गोष्टीत परक्यांचा हात बघायला लागल्या तेव्हा हा गळ्यात 'मी सीआयएचा एजंट आहे' अशी पाटी अडकवून संसदेत गेला. झुल्फिकार भुट्टो त्याचा मुंबईतला शाळासोबती. मधला काली, भारतात डायनर्स क्लबचं कार्ड आणणारा. वजनाने आणि विनोदाने तिघंही बापावर गेले.

जकातनाका

मोदी-लीस कराराबद्दल 'देश विकला' छापाचं इतकं लिहिलं गेलंय की मूळ व्यवहार कोणी बघतच नाही. जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे सरका.

१९३० नंतर मुंबईच्या गिरण्यांना मारत होता तो मँचेस्टर नव्हे, ओसाका. येनची किंमत कोसळली आणि जपानी कापड इतकं स्वस्त आलं की इथल्या गोदामांत माल पडून राहिला. सरकारने बिगर-ब्रिटिश कापडावरची जकात ऑगस्ट १९३२ ला ५० टक्के आणि जून १९३३ ला ७५ टक्के केली. जपानने उलट आपला कापूस घेणं बंद केलं. म्हणजे वऱ्हाड-खानदेशातल्या शेतकऱ्याच्या गळ्याला फास.

या तिढ्यात सर विल्यम क्लेअर-लीस लँकेशायरचं शिष्टमंडळ घेऊन मुंबईत आले. ऑक्टोबर १९३३ ला करार झाला. त्यात ठरलं ते असं: भारतीय गिरण्यांना संरक्षण हवं हे लँकेशायरने मान्य करायचं. ब्रिटिश मालावर इतरांपेक्षा कमी जकात असावी हे मुंबईने मान्य करायचं. सरकारची तिजोरी सावरली आणि १९३१ चा जादा अधिभार काढायची वेळ आली तर मुंबईने आडवं यायचं नाही. बदल्यात लँकेशायरने भारतीय कापूस जास्त वापरायचा प्रयत्न करायचा. मुदत १९३५ अखेरपर्यंत.

आता गोम बघा. मुंबईच्या गिरण्या जाडंभरडं कापड काढायच्या, त्यांची टक्कर जपानशी. अहमदाबादच्या गिरण्या बारीक सुताकडे वळलेल्या, त्यांची टक्कर थेट लँकेशायरशी. त्यामुळे कस्तुरभाई लालभाई आणि अहमदाबादकर करारावर तुटून पडले. काँग्रेसला पैसा आणि माणसं पुरवणारा गट तोच. तेव्हा 'राष्ट्रद्रोह' हा जो गजर झाला त्यात देशप्रेम होतंच, पण बारीक सुताचा हिशेबही होता.

मोदींची चूक माझ्या मते वेगळी. एका शहराच्या मालकांनी देशाच्या जकातीवर परदेशी मालकांशी परस्पर बोलणी केली. व्यवहार वाईट नव्हता, पण तो करायचा अधिकार त्यांना कोणी दिला होता?

खवचट_खंडू

'जरा सविस्तर'. कोर्टात हजर करा याला कोणीतरी.

मावळतीचा_मुलुख

जकातनाका, उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली आहे.

यवतमाळी_ऊन

फिरस्ता यांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर १९४३ मध्ये आहे आणि त्यात आमच्या यवतमाळचा माणूस आहे, म्हणून लिहितोय.

१० फेब्रुवारी १९४३ ला गांधीजींनी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचं उपोषण सुरू केलं. वय त्र्याहत्तर. ते जगणार नाहीत असं डॉक्टरांना वाटत होतं आणि व्हाइसरॉय लिनलिथगो सोडायला तयार नव्हता. १७ फेब्रुवारीला कार्यकारी मंडळातून तिघांनी राजीनामे दिले: होमी मोदी, बंगालचे नलिनीरंजन सरकार आणि आमचे लोकनायक बापूजी अणे.

अणे टिळकांच्या तालमीतले. १९३० ला पुसदला जंगल सत्याग्रह करून तुरुंगात गेलेले. त्यांचं आणि गिरणीमालकांच्या पुढाऱ्याचं राजकारण कुठेच जुळत नव्हतं. त्या एका दिवशी जुळलं.

पुढे बघा. अणे जानेवारी १९४८ ला बिहारचे राज्यपाल. मोदी मे १९४९ ला संयुक्त प्रांताचे. सरकार पश्चिम बंगालचे अर्थमंत्री. तिघांपैकी एकालाही नव्या राजवटीने विसरलं नाही. गांधींच्या उपोषणात व्हाइसरॉयची गादी सोडलेला माणूस म्हटल्यावर लीस-बीस कोण आठवतो?

लालबागचा_नातू

@यवतमाळी_ऊन, बापूजींबद्दल आदर ठेवून विचारतो. ऑगस्ट १९४२ ला गांधींसकट सगळ्या काँग्रेसला आत टाकायचा निर्णय ज्या मंडळाने मान्य केला, त्यात हे तिघं होतेच ना? तेव्हा सही चालली. सहा महिन्यांनी म्हातारा मरायला टेकला तेव्हा विवेक जागा झाला. यालाच धंद्याच्या भाषेत योग्य वेळी माल काढणं म्हणतात.

यवतमाळी_ऊन

होते. लपवत नाही. पण त्याच मंडळात त्या दिवशी बाकीचे सगळे खुर्चीत बसून राहिले. राजीनामा उशिरा दिला म्हणून तो दिलाच नाही असं होत नाही.

जकातनाका

या वादात एक गंमत निसटली. जुलै १९४२ ला डॉ. आंबेडकर मजूरमंत्री म्हणून त्याच मंडळात आले. म्हणजे फेब्रुवारी ४३ पर्यंत सात महिने, ज्यांनी १९२८ च्या संपात 'साचाखात्यात अस्पृश्यांना मज्जाव का' हा प्रश्न युनियनलाच विचारला ते आंबेडकर, आणि मालक संघाचे माजी अध्यक्ष मोदी, एकाच टेबलाला. एकाकडे मजूर, दुसऱ्याकडे युद्धाचा पुरवठा. तिथल्या बैठकांवर कोणी नीट लिहायला हवं.

लालबागचा_नातू

साचाखात्याची आठवण करून दिलीत ती बरोबर आहे. धागा तुटला की विणकर तोंडाने ओढून घ्यायचे, म्हणून 'विटाळ'. आणि पगार सगळ्यात जास्त त्याच खात्यात. आमच्या आजोबांना त्या खात्यात काम मिळालं त्यात त्यांच्या जातीचा वाटा होता, हे आमच्या घरात फार उशिरा बोललं गेलं.

कलम_१५३

राज्यपाल या भागाकडे येतो, कारण आतापर्यंत सगळे १९४३ वरच थांबलेत.

१. १९४७ ला घटना समितीने राज्यपाल जनतेने थेट निवडून द्यावा असं ठरवलं होतं. मे १९४९ च्या शेवटी तो निर्णय फिरवून राष्ट्रपतींनी नेमलेला राज्यपाल आणला. मोदींची नेमणूक त्याच महिन्याच्या सुरुवातीची. म्हणजे निवडणुकीची पद्धत राहिली असती तर मुंबईचा पारशी लखनौत निवडून येणं शक्यच नव्हतं. अशा माणसांची सोय व्हावी, हाच तर नेमणुकीच्या बाजूचा एक युक्तिवाद होता: पक्षाबाहेरची, बाहेरच्या प्रांतातली, कोणाशी हिशेब चुकते करायचे नसलेली माणसं.

२. त्यांची नेमणूक झाली तेव्हा गव्हर्नर जनरल होते राजाजी. दहा वर्षांनी, १९५९ ला, त्याच राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला. मोदींनंतर लखनौच्या राजभवनात आले कन्हैयालाल मुन्शी, तेही पुढे स्वतंत्र पक्षाच्या संस्थापकांत. धाकटा मुलगा पिलू त्याच पक्षाचा खासदार. नेहरूंच्या समाजवादाला कंटाळलेली माणसं आधी नेहरूंच्याच काळात राजभवनं सांभाळून आली होती.

३. आता खरी कोंडी. उत्तर प्रदेशात मोदी बसले असताना तिथे काय चालू होतं? जमीनदारी निर्मूलन. विधेयक १९४९ ला आलं, जानेवारी १९५१ ला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. खासगी मालमत्तेचा आयुष्यभर वकील असलेला माणूस विधिमंडळासमोर उभा राहून 'माझं सरकार जमीनदारी काढून टाकणार आहे' असं अभिभाषण वाचतो. घटनेत त्याला दुसरा पर्यायच नाही. शेजारी बिहारात अण्यांच्या काळातला तसाच कायदा मार्च १९५१ ला पाटणा हायकोर्टाने रद्द केला, मग जूनमध्ये अशा कायद्यांना संरक्षण देणारी पहिली घटनादुरुस्ती आली. उत्तर प्रदेशात जमीनदारी प्रत्यक्ष संपली १ जुलै १९५२ ला. मोदी त्याआधी महिनाभर मुंबईला परतले होते.

४. पगार: दरमहा ५५०० रुपये, घटनेच्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे. टाटांच्या संचालकाला हा आकडा मोठा वाटला असेल असं मानायचं कारण नाही.

फोर्टातला_फिरस्ता

@कलम_१५३, तिसरा मुद्दा वाचून थांबलो. ३३ ला अधिकार नसताना करार केला, ५१ ला अधिकाराच्या खुर्चीत बसून एक शब्द बदलता येत नाही.

लखनवी_कुलकर्णी

माझं लहानपण लखनौचं, वडील रेल्वेत. शहरात मराठी घरं बरीच, गणपती जोरात. पण होमी मोदी हे नाव तिथे कधी कानावर आलं नाही. सरोजिनी नायडूंच्या गोष्टी आजही सांगतात. मुन्शींच्या सांगतात. मधली तीन वर्षं कोणाच्या बोलण्यात येत नाहीत. ते दिवस गोविंद वल्लभ पंतांचे होते. पंतांसमोर राज्यपाल कोण, याला फारसा अर्थ नव्हता. मोदींचं काम होतं शपथ देणं, अभिभाषण वाचणं आणि विद्यापीठांचं कुलपतिपद. मे १९५२ ला पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर पंतांना शपथ दिली ती मात्र त्यांनीच.

अवांतर: उन्हाळ्यात राज्यपालांचा मुक्काम नैनीतालला हलायचा. तिथलं राजभवन गॉथिक धाटणीचं, दगडी, उंच मनोऱ्यांचं. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा. आपलं व्हीटी आणि पालिकेची इमारत बांधणारे तेच. दहा वर्षं ज्या पालिकेच्या इमारतीत चढउतार केली, तिच्याच बांधणाऱ्याचं घर हिमालयात राहायला मिळालं. मोदींना ओळखीचं वाटलं असणार.

शिकागोचा_पुणेकर

आमच्याकडे उलटं. इथे गव्हर्नर म्हणजे मुख्यमंत्रीच, निवडून येतो आणि राज्य चालवतो. त्यामुळे धंदेवाले उड्या मारतात. माझ्या इलिनॉयमध्ये सध्याचे प्रित्झकर, हयात हॉटेलवाल्या घराण्यातले, २०१८ ला निवडून आले. त्यांच्या आधीचे राउनर, तेही गुंतवणुकीच्या धंद्यातले. मिशिगनला जॉर्ज रॉम्नी, अमेरिकन मोटर्सचे प्रमुख, १९६३ ते ६९. "कंपनी चालवली, आता राज्य चालवतो" हा दर निवडणुकीचा ठरलेला प्रचार. राउनरांच्या काळात तर विधिमंडळाशी भांडणात राज्याचं दोन वर्षं अंदाजपत्रकच झालं नाही. कंपनीत संचालक मंडळ ऐकतं, इथे विरोधी पक्ष ऐकत नाही.

खवचट_खंडू

पुणेकर शिकागोला गेला तरी 'आमच्याकडे' सुटत नाही.

हावडा_ब्रिज_जोशी

धाग्यात अजून विरेन शहा आले नाहीत याचं आश्चर्य वाटलं. बँकेच्या बदलीवर मी कोलकात्यात होतो तेव्हा ते तिथले राज्यपाल, डिसेंबर १९९९ ते डिसेंबर २००४.

मुंबईकरांना मुकंद माहीत असेल. कुर्ला आणि कळव्याचा पोलाद कारखाना, बजाज आणि शहा कुटुंबांचा. विरेनभाई तिथले प्रमुख. जन्म मात्र कोलकात्याचा, त्यामुळे राजभवनात गेले ते एका अर्थी गावी गेल्यासारखेच. १९६७ ला जुनागढहून लोकसभेत, तेही स्वतंत्र पक्षाकडून. म्हणजे पिलू मोदींच्या बाकावर. पुढे भाजपमध्ये, पक्षाचे खजिनदार, महाराष्ट्रातून राज्यसभेवर.

पण माणूस लक्षात राहतो तो आणीबाणीमुळे. बडोदा डायनामाइट खटल्यात (आणीबाणीविरोधात स्फोटांचा कट केल्याचा आरोप) जॉर्ज फर्नांडिसांबरोबर आरोपी होते. मुंबईच्या बड्या उद्योगपतींनी तेव्हा काय केलं ते आठवा, आणि हा कारखानदार हातकड्यांच्या खटल्यात. १९७७ ला जनता सरकारने खटला मागे घेतला.

कोलकात्यात त्यांच्यापुढे ज्योती बसू. कारखानदार, तोही भाजपचा, आणि समोर डाव्यांचं तेवीस वर्षांचं सरकार. पेपरवाले रोज ठिणगीची वाट बघत. नोव्हेंबर २००० ला बसू उतरले, बुद्धदेव भट्टाचार्यांना शपथ शहांनीच दिली. कुरबुरी झाल्या, पण मी होतो तोवर तरी राजभवन आणि रायटर्स बिल्डिंग (तिथलं मंत्रालय) यांच्यात तलवारी निघाल्या नाहीत. माझा अंदाज असा की कामगार युनियनशी वाटाघाटी केलेल्या माणसाला समोरच्याचा आवाज किती खरा आणि किती गेटवरच्या माणसांसाठी, हे कळतं. फिरस्ता यांच्या जोडप्रश्नाला माझं उत्तर 'फरक पडतो', पण तो असा. कारभारात नाही, ऐकण्यात.

संत्रानगरी

नागपूरकडून एक नाव: बनवारीलाल पुरोहित. हितवादचे मालक, आधी काँग्रेसचे आणि मग भाजपचे खासदार, पुढे आसाम, तमिळनाडू, पंजाब अशी तीन राजभवनं. आणि तिथल्या सरकारांशी जे काय झालं ते...

संपादक मंडळ

सध्याच्या राजकारणासाठी वेगळा विभाग आहे. इथे होमी मोदींवरच बोलू या. वरील प्रतिसादाखालचे सहा उपप्रतिसाद उडवले आहेत.

खवचट_खंडू

त्या सहातले चार माझे होते. चांगले होते.

जकातनाका

मूळ प्रश्नाकडे. यवतमाळी म्हणतात १९४३ मुळे, कलम_१५३ म्हणतात नेमणुकीच्या पद्धतीमुळे. मी १९४९ ची यादी समोर ठेवतो, मग पटतंय का बघा.

मुंबईला सर महाराज सिंग, कपूरथळ्याच्या घराण्यातले ख्रिस्ती. मद्रासला भावनगरचे महाराजा कृष्णकुमारसिंहजी. पूर्व पंजाबात चंदुलाल त्रिवेदी, आयसीएस अधिकारी. बिहारला अणे. मध्य प्रांत-वऱ्हाडला मंगळदास पकवासा. बंगालमध्ये कैलाशनाथ काटजू. ओरिसात असफ अली. या ओळीत एक पारशी उद्योगपती अजिबात वेगळा दिसत नाही. काँग्रेसवाले आहेतच, पण संस्थानिक, सनदी अधिकारी, अल्पसंख्याक, टिळकपंथी अशी प्रत्येक जुन्या गटाची एकेक खुर्ची धरलेली. फाळणी होऊन दोन वर्षं झालेली, भांडवलदार धास्तावलेले, संस्थानिक रुसलेले. राजभवनं ही तेव्हा सगळ्यांना 'तुम्हीही आमचेच' सांगायची जागा होती.

पारशांबद्दल अजून एक. घटना समितीच्या अल्पसंख्याक समितीत राखीव जागांची चर्चा झाली तेव्हा पारशांना राखीव जागा नकोत, ही भूमिका मोदींनीच मांडली. पटेलांना ते किती सोयीचं गेलं असेल याची कल्पना करा. ज्याने मागितलं नाही त्याला द्यायला दिल्लीचे हात नेहमीच मोकळे असतात.

रुस्तम_दादरकर

शेवटचं वाक्य आमच्या पंचायतीच्या भिंतीवर लिहायला हवं. अर्थात रंग कोणता यावरून केस होईल.

लालबागचा_नातू

जकातनाका यांची यादी पटली. त्यात एकच गट नाही: कामगारांचा माणूस. ना. म. जोशी तेव्हा हयात होते. उदारमतवादी होते, क्रांतिकारक नव्हते, दिल्लीच्या जुन्या कायदेमंडळात मोदींच्याच समोर वर्षानुवर्षं बसले होते. संप मोडणाऱ्या बाजूचा माणूस राज्यपाल होऊ शकतो, तर मिटवणाऱ्या बाजूचा का नाही? पुढे व्ही. व्ही. गिरी रेल्वे कामगारांतून येऊन त्याच उत्तर प्रदेशचे राज्यपाल झाले हे मान्य. पण ते १९५७ नंतर.

कलम_१५३

गिरींचा मुद्दा मस्त. म्हणजे लखनौच्या एकाच खुर्चीत मोदी, मुन्शी, गिरी: मालक, वकील-लेखक, कामगार पुढारी. तिघांनी वाचलेल्या अभिभाषणांत तुम्हाला फरक सापडणार नाही, कारण ती लिहिली मंत्रिमंडळाने. फिरस्तांच्या जोडप्रश्नाला माझं उत्तर हावडा_ब्रिज यांच्या उलट आहे.

हावडा_ब्रिज_जोशी

अभिभाषणात नसणारच. बंद दाराआड असतो. आणि तिथे तुम्हीही नव्हतात, मीही नव्हतो.

यवतमाळी_ऊन

एक जोड सापडली ती टाकतो. १९४३ च्या तीन राजीनामेवाल्यांपैकी दोघं राज्यपाल झाले, हे वर लिहिलंय. बडोदा डायनामाइट खटल्यातलेही दोघं झाले. विरेन शहा दुसरे. पहिले प्रभुदास पटवारी, गुजरातचे वकील. १९७७ ला खटला मागे घेतल्यावर लगेच तमिळनाडूचे राज्यपाल. १९८० ला इंदिराबाई परत आल्या आणि त्यांना बडतर्फ केलं.

खवचट_खंडू

म्हणजे राज्यपाल व्हायचं असेल तर एकतर गांधींसाठी राजीनामा द्या नाहीतर गांधींविरुद्ध डायनामाइट लावा. कारखाना हवाच असं नाही.

रुस्तम_दादरकर

खंडूभाय, आजचा पहिला कामाचा प्रतिसाद.

फोर्टातला_फिरस्ता

सगळ्यांचे आभार. जकातनाका यांचं उत्तर मला सगळ्यात जवळचं वाटतंय, पण लालबागच्या नातवाचा ना. म. जोशींचा प्रश्न त्याने सुटत नाही, तो उघडाच राहू दे. हावडा_ब्रिज, विरेन शहांवर स्वतंत्र धागा काढा ना. बंगालमधली पाच वर्षं जवळून बघितलेलं इथे दुसरं कोणी दिसत नाही.

हावडा_ब्रिज_जोशी

काढतो. मार्चएंड उरकू दे. आणि संपादकांनी आधीच सांगून ठेवावं, २००४ पर्यंतचं राजकारण 'सध्याचं' धरतात का जुनं?

संपादक मंडळ

२००४ चालेल. खंडू यांनी उपप्रतिसाद देण्यापूर्वी विचारावं.